हरसूलच्या सातबाऱ्यावरची सही

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातले बाजाराचे गाव. गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगराळ पट्ट्यातल्या पाड्यांवरची माणसे दवाखाना, बँक, पोलीस ठाणे आणि आठवडी बाजार यांसाठी इथे येतात. भात, नागली आणि वरई ही इथली पिके, आणि जमीन हा इथला सगळ्यांत जुना प्रश्न. मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेला, त्यात नाशिक जिल्ह्यातले आदिवासी मोठ्या संख्येने होते. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. जमीन नावावर होणे म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढणे, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ मे २०१८ रोजी, राज्य सरकारने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू केला. पंधरा रुपये भरावेत, संगणकावर किंवा मोबाइलवर उतारा उतरवून घ्यावा, तलाठ्याच्या शाईच्या सहीची आणि गोल शिक्क्याची गरज नाही, अशी ही व्यवस्था. पिढ्यान् पिढ्या ज्या सहीसाठी माणसांनी सजाच्या कार्यालयाबाहेर दिवस घालवले, तिची जागा एका लांबलचक संख्येने घेतली. ही संख्या इंग्लंड-अमेरिकेतल्या काही तरुण गणितज्ञांच्या डोक्यातून निघून नाशिक जिल्ह्याच्या टोकापर्यंत कशी पोहोचली, ती खरी आहे हे कशावरून ठरते आणि तिच्यावर विसंबून माणसे कुठे फसतात, याची ही हकीकत.

गुपित कळवण्याचा पेच फार जुना आहे. जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले असता माळव्यात त्यांच्या हाती एका सावकाराचे पत्र लागले. मोती, मोहरा आणि रुपये यांच्या हिशेबाच्या भाषेत त्यात पानिपतचा संहार लिहिलेला होता. पत्र जाणार होते भलतीकडेच, पण पेशव्यांना त्याचा अर्थ लागायला वेळ लागला नाही. संकेताच्या भाषेचे दुखणे या प्रसंगात पुरते दिसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला आधी एकच खूण ठाऊक असावी लागते, आणि ती तिसऱ्याला उमगली की पत्र उघडेच पडते.

विसाव्या शतकात संकेतांची यंत्रे आली, पण हे दुखणे गेले नाही. कुलूप लावायला आणि उघडायला एकच किल्ली लागायची, त्यामुळे ती किल्ली आधी कोणीतरी सुरक्षितपणे पोहोचवावी लागायची. फौजांना आणि वकिलातींना हे जमे, कारण त्यांच्याकडे विश्वासाचे जासूद असत. पण एक हजार माणसांना आपसात दोघादोघांनी गुप्तपणे बोलायचे असेल, तर ४,९९,५०० वेगवेगळ्या किल्ल्या लागतात. टपालाऐवजी संगणकाच्या जाळ्यावरून व्यवहार करायचा तर हा हिशेब कधीच जुळणारा नव्हता.

१९७० च्या सुमारास ब्रिटनच्या गुप्त दळणवळण खात्यात जेम्स एलिस यांनी एक विचित्र कल्पना मांडली. पाठवणारा आणि घेणारा यांनी आधी काहीही ठरवलेले नसताना गुप्त निरोप जाऊ शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी लागणारे गणित मात्र त्यांच्याकडे नव्हते. ते १९७३ मध्ये क्लिफर्ड कॉक्स या नव्याने नोकरीला लागलेल्या तरुणाने एका संध्याकाळी घरी बसून सोडवले. कार्यालयाबाहेर कामाचे काही लिहायचे नाही असा नियम असल्याने सगळे डोक्यातच ठेवले. १९७४ मध्ये त्यांचेच सहकारी माल्कम विल्यमसन यांनी दुसरी एक रीत शोधली. हे सारे खात्याच्या कपाटात बंद राहिले. डिसेंबर १९९७ मध्ये ते जाहीर झाले, तेव्हा एलिस यांचे निधन होऊन काही आठवडेच झाले होते.

जगाला ही कल्पना मिळाली ती अमेरिकेतून. बर्कलीला राल्फ मर्कल हा विद्यार्थी १९७४ मध्ये याच प्रश्नाशी झटत होता. त्याने वर्गातल्या प्रकल्पासाठी तो विषय सुचवला, तर प्राध्यापकांना त्यात दम वाटला नाही. स्टॅनफर्डला व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी नोव्हेंबर १९७६ मध्ये एक निबंध छापला. त्यातला मुद्दा असा होता की किल्ल्या दोन असू द्याव्यात. एक जाहीर, गावभर वाटायची. दुसरी खासगी, कोणालाच द्यायची नाही. जाहीर किल्लीने बंद केलेले फक्त खासगी किल्लीने उघडते. आणि उलट बाजूने पाहिले तर खासगी किल्लीने केलेली खूण जाहीर किल्लीने कोणालाही तपासता येते. पहिल्यातून गुप्तता मिळते, दुसऱ्यातून सही. हरसूलच्या उताऱ्याशी संबंध आहे तो या दुसऱ्या वापराचा.

अशा किल्ल्यांची जोडी प्रत्यक्षात बनवायची कशी, ते एमआयटीतल्या रोनाल्ड रिव्हेस्ट, आदी शामीर आणि लेनर्ड ॲडलमन यांनी एप्रिल १९७७ मध्ये दाखवले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या पद्धतीला आरएसए म्हणतात. तिचे मूळ शाळेतल्या गणितात आहे, म्हणून ते इथे करूनच पाहू. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. जाहीर किल्ली म्हणून ३ हा घात आणि ३३ हा भाजक सगळ्यांना सांगून टाका. खासगी किल्ली ७, ती स्वतःजवळ ठेवा. कोणाला ४ हा आकडा तुम्हाला गुपचूप कळवायचा असेल, तर तो ४ चा तिसरा घात करील, म्हणजे ६४. त्याला ३३ ने भागून उरलेली बाकी ३१ तुम्हाला पाठवील. तुम्ही ३१ चा सातवा घात करा. ती संख्या २,७५१ कोटींच्या घरात जाते, पण तिला ३३ ने भागले की बाकी येते बरोबर ४.

आता हेच उलट करा. ४ या मजकुरावर सही करायची आहे. तुमच्याजवळच्या ७ ने ४ चा सातवा घात करा, १६,३८४. ३३ ने भागल्यावर बाकी १६. ही १६ म्हणजे तुमची सही. ज्याला तपासायचे आहे तो जाहीर ३ वापरून १६ चा घन करतो, ४,०९६. भागल्यावर बाकी ४. मजकूर जुळला, सही खरी. १६ हा आकडा ७ ठाऊक असलेल्यालाच काढता येतो आणि तो खरा आहे की नाही हे मात्र कोणीही पाहू शकतो. खऱ्या व्यवहारात ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या असते. तिचे दोन मूळ अवयव ज्याला सापडतील त्याला खासगी किल्ली सापडेल. आणि गुणाकार क्षणात होत असला तरी एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव काढायची झटपट रीत आजच्या संगणकांसाठी कोणाला सापडलेली नाही.

ही पद्धत सामान्य वाचकांपर्यंत प्रथम पोहोचली ती मार्टिन गार्डनर यांच्या गणितरंजनाच्या सदरातून, सायंटिफिक अमेरिकन मासिकाच्या ऑगस्ट १९७७ च्या अंकात. याच सदराने त्याआधी दोन वर्षे, मार्च १९७५ मध्ये, नाशिकजवळच्या देवळालीत राहणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तरांची जगाला ओळख करून दिली होती. ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शिकवता शिकवता त्यांनी संख्यांचा नाद केला. ६१७४ चा गुणधर्म त्यांनी शोधला, आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांना गावाच्या नावावरून देवळाली संख्या असेही म्हणतात. कापरेकरांचे काम संकेतशास्त्राचे नव्हते, आणि त्यांना ओढूनताणून त्या इतिहासात बसवू नये. पण संख्यांचा निरुपयोगी वाटणारा अभ्यास मनापासून करणारा एक माणूस आणि त्याच अभ्यासातून जगाचा व्यवहार बदलणारे तिघे, यांना एकाच सदरात जागा मिळाली, याचे नाशिककरांनी अगत्याने स्मरण ठेवावे असे मला वाटते.

गार्डनर यांच्या लेखात वाचकांसाठी आव्हान होते: १२९ अंकी संख्या, तिचे अवयव काढा आणि निरोप वाचा, बक्षीस शंभर डॉलर. हे काम अब्जावधी वर्षे पुरेल असा तेव्हाचा अंदाज होता. प्रत्यक्षात एप्रिल १९९४ मध्ये, सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी जगभरचे संगणक जोडून ते तडीस नेले. सतराच वर्षांत! पद्धत खोटी ठरली नव्हती, किल्ली आखूड पडली होती. या शास्त्रातला पहिला धोका तेव्हा दिसला: आज पुरेशी असलेली किल्ली उद्या पुरेशी असेलच असे नाही. २००९ मध्ये २३२ अंकी संख्याही फुटली. भारतातही जानेवारी २०१२ पासून डिजिटल सह्यांसाठी आधीच्या दुप्पट लांबीच्या, २,०४८ बिटच्या किल्ल्या सक्तीच्या झाल्या.

भारतात या गणिताला कायद्याची जागा मिळाली ती १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने. त्याच्या तिसऱ्या कलमात दोन किल्ल्यांची पद्धत आणि हॅश ही दोन्ही नावानिशी घातलेली होती. गणिताची एखादी विशिष्ट रीत कायद्याच्या कलमात येण्याचा हा प्रकार विरळाच. हॅश म्हणजे दस्तऐवजाचा गोषवारा असलेली ठरावीक लांबीची संख्या. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ती पूर्ण बदलते. सही या गोषवाऱ्यावर होते. शिवकालीन पत्रांत आरंभी मुद्रा आणि मजकूर संपताच मोर्तब उठवत, ते खाली कोणी ओळ घुसडू नये म्हणून. मोर्तब पत्राची शेवटची हद्द राखत असे, हॅश प्रत्येक अक्षराची राखतो. उताऱ्यातला गट नंबर किंवा आर क्षेत्राचा एक आकडा कोणी फिरवला, तर सही जुळत नाही.

नवा कायदा कागदावर आला त्याच काळात जुन्या कागदाची अब्रू गेली. खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीला नोव्हेंबर २००१ मध्ये अजमेरला अटक झाली आणि बनावट मुद्रांकांचा देशभर पसरलेला व्यवहार उघड झाला. मुद्रांक, टपाल तिकिटे आणि पारपत्रे छापणारा सरकारी प्रतिभूति मुद्रणालयाचा कारखाना नाशिक रोडला आहे, आणि तिथून मोडीत काढलेली यंत्रे तेलगीने मिळवली होती. जून २००७ मध्ये त्याला सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपयांचा दंड झाला. त्या प्रकरणात अधिकाऱ्यांची नावे, राजकारण्यांची नावे, पोलिसांची नावे खूप चर्चिली गेली. त्यामागचे तांत्रिक कारण मात्र कमी चर्चिले गेले. मुद्रांकाचा खरेपणा यंत्र, शाई आणि कागद यांत होता. ही तीन हाती आली की खोटा आणि खरा यांत फरक उरत नव्हता.

त्याच नाशिक रोडच्या कारखान्यात आता चिप असलेली ई-पारपत्रे तयार होतात. जून २००८ मध्ये पहिले राजनैतिक ई-पारपत्र तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना दिले गेले, आणि सर्वसामान्य नागरिकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून प्रायोगिक तत्त्वावर सुरुवात झाली. सुरुवातीच्या शहरांत नागपूर होते. चिपमधल्या नावावर, जन्मतारखेवर आणि छायाचित्रावर सरकारच्या खासगी किल्लीने केलेली सही असते. परदेशातल्या विमानतळावरचा अधिकारी भारताच्या जाहीर किल्लीने ती तपासतो. छपाईची सगळी यंत्रे चोरीला गेली तरी ही सही कोणाला करता येणार नाही. पण खासगी किल्ली चोरीला गेली, तर जे खोटे तयार होईल ते तेलगीच्या कागदाहून कितीतरी पक्के असेल, कारण तपासणारा प्रत्येक संगणक त्याला खरेच म्हणेल. या विद्येची ताकद आणि तिचा धोका दोन्ही एकाच जागी आहेत, हे विसरता कामा नये.

गुप्ततेचा उपयोगही महाराष्ट्राने लवकर पाहिला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातली पहिली आधार पत्रे दिली गेली. आधारची नोंदणी करणाऱ्याच्या संगणकावर बोटांचे ठसे आणि छायाचित्र आधार प्राधिकरणाच्या जाहीर किल्लीने तिथल्या तिथे बंद केले जातात. खासगी किल्ली प्राधिकरणाकडे असते. त्यामुळे नेटवर्क नसलेल्या पाड्यावरून ती माहिती पेन ड्राइव्हवर तालुक्याला आणली, आणि वाटेत तो हरवला, तरी सापडणाऱ्याला ती वाचता येत नाही. नोंदणी करणाऱ्यालाही नाही. नानासाहेबांच्या हाती लागलेल्या पत्रासारखी गत टाळायची ती याच पद्धतीने.

एक गाठ मात्र सुटायची राहते, आणि सगळ्यांत मोठी फसवणूक तिथेच होते. जाहीर किल्ली कोणीही वाटू शकतो. ‘ही तलाठ्याची किल्ली’ असे सांगून भामट्याने स्वतःचीच किल्ली दिली, तर भामट्याची सही तलाठ्याची म्हणून बिनबोभाट तपासून निघेल. म्हणून कोणाची किल्ली कोणती याचा दाखला देणारा मध्यस्थ लागतो. त्या दाखल्याला प्रमाणपत्र म्हणतात. भारतात नोव्हेंबर २००० मध्ये प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाचे पद निर्माण झाले. नियंत्रक परवानाधारक संस्थांच्या किल्ल्यांवर सही करतो, त्या संस्था व्यक्तींच्या आणि संकेतस्थळांच्या किल्ल्यांवर. अशी ही साखळी. तिच्या मुळाशी असलेल्या नियंत्रकाच्या किल्लीला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या विश्वासू यादीत जागा दिली होती.

२ जुलै २०१४ रोजी गूगलच्या अभियंत्यांना दिसले की गूगलच्याच संकेतस्थळांच्या नावाची प्रमाणपत्रे कुठून तरी निघाली आहेत, आणि ती गूगलने मागितलेली नाहीत. त्यांवर सही होती एनआयसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. विंडोजवर चालणारे इंटरनेट एक्सप्लोरर ही प्रमाणपत्रे निमूटपणे खरी मानणार होते. असे प्रमाणपत्र हाती असलेला माणूस वाटेत बसून, कुलपाचे चिन्ह शाबूत ठेवून, दुसऱ्याचे टपाल वाचू शकतो. नियंत्रकाने दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, एनआयसीची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. ८ जुलैला त्याने चौकशीचा निष्कर्ष कळवला: एनआयसीच्या प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेत घुसखोरी झाली होती, चुकीची प्रमाणपत्रे फक्त चार होती, तीन गूगलच्या नावांची आणि एक याहूच्या. गूगलला मात्र याखेरीज इतरही आढळली होती, म्हणून घुसखोरीची व्याप्ती कळत नाही असे त्यांनी जाहीर केले. १० जुलैला मायक्रोसॉफ्टने ४५ प्रमाणपत्रांवरचा विश्वास काढून घेतला. आणि गूगलने आपल्या क्रोममध्ये भारत सरकारच्या मुळाशी असलेल्या किल्लीला मोजक्या सात नावांपुरते बांधून टाकले. त्यात सरकारी आणि शैक्षणिक संकेतस्थळे, रिझर्व्ह बँक, एक सरकारी बँक आणि दोन परवानाधारक संस्था एवढेच होते.

या प्रकरणाची आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा झाली नाही, याची खंत वाटते. एका सार्वभौम देशाच्या सहीचा अधिकार एका परदेशी कंपनीने चार-आठ दिवसांत आकसून टाकला, आणि तो निर्णय चूक होता असे म्हणायला जागा नव्हती. असेच त्याआधी तीन वर्षे नेदरलँड्समध्ये झाले होते. डिजिनोटार या संस्थेतून घुसखोरांनी पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली, इराणमधल्या लाखो लोकांचे टपाल त्यांच्या आधारे चोरून वाचले गेले, आणि सप्टेंबर २०११ मध्ये ती संस्था दिवाळखोरीत निघाली. दोन्ही ठिकाणी आरएसएचे गणित कोणी फोडले नव्हते. दाखला देणाऱ्याच्या घरात चोर शिरला होता.

गणिताला न फोडता किल्ली मिळवण्याचे इतरही मार्ग या वर्षांत उघडे पडले. मूळ संख्या निवडताना नशिबाचा फासा खरोखर फिरावा लागतो. डेबियन या संगणक प्रणालीत २००६ मध्ये कोणीतरी एक-दोन ओळी वगळल्या आणि तो फासा जवळजवळ थांबला. मे २००८ मध्ये चूक लक्षात आली तेव्हा असे दिसले की एका विशिष्ट लांबीच्या आणि प्रकारच्या किल्लीसाठी फक्त ३२,७६८ शक्यता उरल्या होत्या. एवढ्या तर घरगुती संगणकालाही करून पाहता येतात. २०१७ मध्ये एका जर्मन कंपनीच्या चिपमध्ये किल्ली बनवण्याची रीतच सदोष निघाली, आणि सगळा राज्यकारभार डिजिटल सहीवर चालवणाऱ्या एस्टोनियाला सात लाखांहून अधिक ओळखपत्रांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. एस्टोनिया हा छोटा देश, चूक लवकर कबूल करून त्यांनी दुरुस्ती केली. आपल्याकडे असे झाले तर किती तालुक्यांत किती डोंगल बदलावे लागतील याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

डोंगल हा शब्द आला, तर आता पुन्हा सातबाऱ्याकडे. तलाठ्याची, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याची, खासगी किल्ली एका छोट्या यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे डोंगलमध्ये, असते. ती त्या टोकनच्या आतच तयार होते, तिची नक्कल बाहेर काढता येत नाही, आणि पासवर्डाशिवाय ते टोकन सही करत नाही. रचना चांगली आहे. दगा होतो तो टोकन आणि पासवर्ड दोन्ही दुसऱ्याच्या हाती दिल्यावर. कामाचा रेटा, दोन-तीन सजांचा भार, नेटवर्क रात्रीच येते म्हणून ऑपरेटरला ‘तू करून टाक’ म्हणणे, ही सवय केवळ महसूल खात्याची नाही. कंपन्यांचे संचालक आपले डोंगल हिशेबनिसाकडे ठेवतात आणि ठेकेदार निविदा भरून देणाऱ्याकडे. कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे खासगी किल्ली ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी तिच्या मालकाने घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती पडल्यास विनाविलंब कळवायचे. कळवेपर्यंतची जबाबदारी त्याचीच. शाईची सही खोटी असेल तर हस्ताक्षरतज्ज्ञ सांगू शकतो. टोकनने झालेली सही मालकाने केली की ऑपरेटरने, हे गणित सांगू शकत नाही. या सवयीवर तोडगा म्हणून २०१५ पासून ई-साइनची सोय झाली, पुण्याच्या सी-डॅकने ती सुरुवातीलाच दिली. त्यात आधारच्या पडताळणीनंतर एका सहीपुरती किल्ली तयार होते आणि सही झाली की नष्ट होते. हरवायला काही उरतच नाही.

दुसरी गोष्ट मजकुराची. डिजिटल सही एवढेच सांगते की अमुक किल्लीने या मजकुरावर खूण केली आणि नंतर त्यात बदल झालेला नाही. मजकूर मुळात खरा आहे की नाही, याबद्दल ती मुकी असते. हस्तलिखित सातबाऱ्यात चुकलेले आणेवारीचे हिस्से, राहून गेलेली वारसांची नावे, संगणकात भरताना इकडचे तिकडे झालेले क्षेत्र, यांवर सही झाली की चूकच पक्की होते. हे ओळखूनच महसूल खात्याने आधी एडिट आणि री-एडिटची मोहीम घेतली, आणि २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन करवले. सातबारे मोठ्याने वाचायचे, लोकांनी हरकत सांगायची. डिजिटल सातबाऱ्याच्या साऱ्या उभारणीत मला हे काम सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते संगणकाला करता येण्यासारखे नव्हते. जिथे ते मन लावून झाले तिथला उतारा भरवशाचा आहे. जिथे रजिस्टरवर अंगठे घेऊन आटोपले, तिथे जुनी चूक आता सहीनिशी फिरते आहे.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांची. सही तपासली तरच ती सही. उताऱ्याची पीडीएफ फाइल संगणकावर उघडली की सहीच्या चौकटीत प्रश्नचिन्ह किंवा हिरवी खूण दिसते, आणि बहुतेक जण तिकडे बघतही नाहीत. पुढे बँकेला, सोसायटीला किंवा खरेदीदाराला द्यायला तिची प्रिंट काढली जाते. कागदावर उमटलेल्या त्या चौकटीत गणित शिल्लक नसते. ते फाइलमध्ये राहिले. कागदावरची चौकट कोणालाही चित्रासारखी चिकटवता येते. म्हणूनच उताऱ्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक छापलेला असतो. तो महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर टाकला की सरकारदरबारची मूळ प्रत समोर येते, आणि हातातला कागद तिच्याशी ताडून पाहता येतो. आधारच्या क्यूआर कोडमध्येही प्राधिकरणाची डिजिटल सही असते, तरीही लॉजपासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत सगळीकडे झेरॉक्सच घेतली जाते.

संकेतस्थळाच्या पत्त्याजवळच्या कुलपाच्या चिन्हाबद्दलही असाच गैरसमज आहे. ते चिन्ह इतकेच सांगते की तुमच्यात आणि पलीकडच्यात तिसरा कोणी ऐकत नाही. पलीकडचा प्रामाणिक आहे असे ते सांगत नाही. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून संकेतस्थळ थाटणारा भामटाही रीतसर प्रमाणपत्र घेतो, आणि त्याच्या पानावरही कुलूप दिसते.

पुढे आणखी एक वळण येते आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर मोठ्या संख्यांचे अवयव झपाट्याने काढता येतील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच सिद्ध केले. तसा संगणक अजून झालेला नाही, पण अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला तोंड देऊ शकतील अशा तीन नव्या पद्धती प्रमाण म्हणून जाहीर केल्या. भारताने एप्रिल २०२३ मध्ये क्वांटम मोहिमेसाठी ६,००३ कोटी रुपये मंजूर केले आहेत. जमिनीची कागदपत्रे पन्नास-पन्नास वर्षे न्यायालयांत फिरतात. आज केलेल्या सह्या तोपर्यंत टिकाव्यात यासाठी त्या नव्या पद्धतीने पुन्हा करून घेण्याची तजवीज महसूल खात्याला करावी लागेल, आणि ती क्वांटम संगणक येण्याच्या आधी करावी लागेल.

हरसूलच्या शेतकऱ्याला यातले गणित येण्याची गरज नाही. पण कर्जासाठी, वारसनोंदीसाठी किंवा खरेदीसाठी कोणी सातबारा पुढे केला, तर त्यावरचा १६ अंकी क्रमांक सेवा केंद्रात किंवा घरातल्या शिकत्या मुलाकडून तिथल्या तिथे तपासून घ्यावा आणि आपले नाव, गट, क्षेत्र वाचून पाहावे. ज्या अधिकाऱ्याच्या नावाचे डोंगल आहे त्याने ते खिशात ठेवावे आणि पासवर्ड कोणालाही सांगू नये. बँकांनी आणि सोसायट्यांनी प्रिंटवर विसंबून कर्ज मंजूर करणे आजपासून बंद करावे.